गाडी पंक्चर झाली का?

भाचीनं कागद समोर ठेवला तेव्हा मी दुकानात बिलांचा मेळ लावत बसलो होतो. कागदाच्या वरच ठळक अक्षरात छापलं होतं : 'निष्क्रिय निरोगी प्रौढ व्यक्ती'. खाली नाव, वय, संमतीची सही.

"हे कोन व्हय?" मी विचारलं.

"तुम्हीच मामा. सही करा."

पोरगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात प्रकल्प करावा लागतो, तिनं विषय घेतला होता उंची, वजन, कंबर, पायाची लांबी अन् चालण्याच्या चाचणीतलं अंतर यांचा एकमेकांशी काय संबंध लागतो ते पाहायचं. त्यासाठी तिला चाळीस ते साठ वयाची, काही दुखणंबाणं नसलेली आणि अंग न हलवणारी माणसं हवी होती. मग मामाचं गाव आठवलं.

'निरोगी' मला मान्य होतं. 'निष्क्रिय' मात्र लागलं. आमचं कृषी केंद्र. सकाळी आठला शटर उघडतं, रात्री नऊला पडतं. मृगाच्या आसपास कपाशीच्या बियाण्याला गर्दी झाली की जेवायला घरी जाणं होत नाही, डबा गल्ल्यावरच. हा माणूस निष्क्रिय? तिनं शांतपणे विचारलं, "घरापासून दुकान किती?" दोनशे पावलं असेल. "येता कसे?" गाडीनं. का, याला उत्तर नाही. गाडी दारात उभी असते म्हणून.

तिच्याजवळ प्रश्नावली होती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं आठवड्याला किमान 150 मिनिटं तरी जरा दम लागेल अशी हालचाल करावी. माझी बेरीज, शनिवारचं मारुतीचं देऊळ धरून अन् थोडी लबाडी करून, चाळीस मिनिटांवर गेली. मी सही केली.

खेड्यात अशी माणसं सापडायची नाहीत अशी तिला धास्ती होती. मला नव्हती. एका संध्याकाळी पारावर बसून आम्ही अकरा जण काढले. चक्कीवाला, रेशन दुकानवाला, सोसायटीचा सचिव, दोन मास्तर, ट्रॅक्टर भाड्यानं देणारे दोघं भाऊ. बाया काढायला मात्र वेळ लागला, शिलाई मशीनवाली एक आणि अंगणवाडीताई, तीही तिच्या नियमात बसता बसता राहिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या मधुमेह पाहणीत, जिच्यात महाराष्ट्रही होता, 2014 साली आलेला आकडा असाच आहे : शहरात 65 टक्के माणसं निष्क्रिय निघाली आणि खेड्यात 50. म्हणजे अर्धं खेडं. हे अर्धं कोणतं ते पारावर बसलं की दिसतं. निष्क्रिय होणं ही आमच्याकडे बढती आहे. माझा बाप डवरे हाकता हाकता एकच म्हणायचा, पोट्ट्याले खुर्चीवर बसवीन. बसवला.

*

मापं घेतली ती आमच्या ओसरीवर. उंची 167 सेंटिमीटर, वजन 74 किलो. पायाची लांबी मोजताना कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप धरतात, ते मला शिंप्याकडचं वाटलं. कंबर 96. "90 च्या आत पाह्यजे," ती म्हणाली. शरीरभाराचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, साडेसव्वीस. गोऱ्या लोकांच्या हिशोबात याला नुसतं जरा जास्त म्हणतात, आपल्या हिशोबात 25 च्या वर गेला की लठ्ठ. मी म्हटलं, हा दुजाभाव काहून?

तर तिनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघं शेजारी उभे. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो. दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, 22.3. पण चरबी मोजली तर युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. वरून सडपातळ, आतून लोणी. आपल्याकडची बरीच माणसं अशीच घडलेली. माझं तर लोणी वरूनही दिसत होतं, त्यामुळे पुढं वाद घातला नाही.

*

सहा मिनिटं चालायचं, एवढीच ती चाचणी. पळायचं नाही. 30 मीटरच्या सरळ, सपाट, टणक वाटेवर येरझारा घालायच्या आणि सहा मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर कापता ते बघायचं. हिचं मूळ लष्करी आहे. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी 1968 मध्ये बारा मिनिटं पळायची परीक्षा काढली. 1976 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी श्वासनळ्यांच्या जुनाट दाहाच्या रुग्णांसाठी तिचं बारा मिनिटं चालणं केलं. आजारी माणसाला बारा मिनिटंही डोईजड होतात, म्हणून 1982 मध्ये ती सहावर आली. म्हणजे चालण्याची ही परीक्षा छातीच्या आणि हृदयाच्या रुग्णांची. मी मुद्दाम हे विचारून घेतलं, कारण मग मला ती फारच सोपी वाटायला लागली.

शाळेचा व्हरांडा 30 मीटर भरला नाही. शेवटी पारापासून ग्रामपंचायतीकडं जाणारा सिमेंट रस्ता धरला, सकाळी सहाला, उन्हं यायच्या आधी. दर तीन मीटरला खडूची रेघ. एका टोकाला तिचा भगवा प्लास्टिकचा शंकू, दुसरा येताना एसटीतच राहिला होता म्हणून त्या टोकाला माझ्या दुकानातली युरियाची गोणी. आधी दहा मिनिटं खुर्चीवर नुसतं बसवलं. दोन तास आधी अंगमेहनतीचं काही केलं नाही ना, असं विचारलं. त्याची काळजीच नको.

बोटाला कोरोनात घरोघरी आलेला तो चिमटा लावला आणि ती म्हणाली, चला.

पहिलं मिनिट मी वरातीत चालतो तसा चाललो. "छान चाललंय. अजून पाच मिनिटं," तिनं सांगितलं, आवाजात ना माया ना राग. मला वाटलं पोरगी नाराज आहे. नंतर कळलं, दर मिनिटाला काय बोलायचं तेही ठरलेलं असतं, आणि त्याच सुरात. कारण शाबासकी जास्त दिली की माणूस जास्त चालतो आणि आकडा बिघडतो. इकडं पारावर मात्र दहाबारा पोट्टे जमले होते. "पळा ना भाऊ! पळा!" ती त्यांच्यावर अशी खेकसली की रस्ता सामसूम झाला.

तिसऱ्या मिनिटाला पोटऱ्या बोलू लागल्या. चौथ्याला लक्षात आलं की चालण्यापेक्षा वळणंच महाग पडतंय. शंकूला वळसा सोपा, गोणी अंगानं मोठी, तिला वळताना दोन पावलं वाया. पाचव्याला घाम मानेवरून उतरला. थांबा म्हटलं तेव्हा मी सतरा फेऱ्या पूर्ण करून अठराव्या फेरीत गोणीच्या अलीकडं दोन मीटरवर होतो. 538 मीटर. दम किती लागला, शून्य ते दहात सांगा. मी तीन सांगितलं. पाच होता.

*

आकडा एकटा काही सांगत नाही. 538 चांगले की वाईट, हे पाहायला सूत्र असतं. 1998 मध्ये एनराइट आणि शेरिल या अमेरिकी संशोधकांनी चाळीस ते ऐंशी वयाची निरोगी माणसं चालवून ते बसवलं. पुरुषांसाठी असं : उंचीला 7.57 नं गुणा, त्यातून वय गुणिले 5.02 काढा, वजन गुणिले 1.76 काढा, आणखी 309 काढा. दुकानाच्या कॅल्क्युलेटरवर मीच केलं. वय 48. उत्तर 584 मीटर. त्यापेक्षा 153 नं कमी, म्हणजे 431 पर्यंत गेलं तरी चालतं. माझे 538. पास! वर 92 टक्के.

त्या रात्री मी त्या सूत्राशी बराच वेळ खेळलो. आमच्या धंद्यात एकरी किती, पंपाला किती, असे गुणाकार दिवसभर चालतात, त्यामुळे हात बसलेला. दहा किलो वजन उतरवलं तर किती मीटर वाढतील? साडेसतरा. अर्धी फेरी. दहा किलोचा एवढा जाच आणि मोबदला अर्धी फेरी! एक वर्ष म्हातारं झालं की पाच मीटर गेले. आणि उंची एक सेंटिमीटरनं जास्त असती तर साडेसात मीटर फुकटात. म्हणजे माझ्याहून दहा सेंटिमीटर उंच असलेला चक्कीवाला काही न करता 75 मीटर पुढं. हा कुठला न्याय?

भाचीनं सांगितलं ते पटलं. चालताना टेकलेला पाय म्हणजे उलटा ठेवलेला लंबक असतो, शरीर त्याच्यावरून पुढं झुलतं. लांब लंबकाचा झोका लांब. वेग वाढवत गेलं की साधारण ताशी सात किलोमीटरच्या पुढं पाय आपणहून पळायला बघतात, आणि पळायला तर मनाई. त्यामुळे धडधाकट माणसाच्या बाबतीत दम संपण्याआधी पायच संपतात. आजाऱ्याची ही परीक्षा त्याचं हृदय, फुप्फुस पाहते, माझ्यासारख्याची तंगडी पाहते. माझ्या 538 मीटरांतले कितीतरी आईबापांनी दिलेल्या उंचीचे.

मग बायकोचा आकडा काढला. बायांचं सूत्र वेगळं. तिचं वय 44, उंची 152, वजन 58. उत्तर आलं 601. माझ्यापेक्षा सतरा जास्त! मी तीनदा केलं. तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राम काही लांब नाही. म्हणून गांधीजींनाही त्या सूत्रात बसवून पाहिलं. 1939 सालची त्यांची प्रकृतीची नोंद छापून आली आहे, उंची 165, वजन 46.7 किलो. वय 69. सूत्र म्हणतं साधारण 511 मीटर. ज्या माणसाबरोबर चालताना तरण्या लोकांना धावावं लागायचं, त्याच्याकडून सूत्राची अपेक्षा माझ्यापेक्षा कमी. त्याच कागदपत्रांत रक्तदाब मात्र चांगलाच चढा आहे. म्हणजे 'निरोगी'च्या रकान्यात ते बसले नसतेच. भाचीनं त्यांना परत पाठवलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी निंदणाला निघालेल्या बाया त्या खडूच्या रेघा ओलांडून जात होत्या. त्यांतली एक म्हातारी आमच्या वावरातही येते. साठीच्या पुढची, 41 किलोची, डोक्यावर फडक्यात बांधलेली भाकर, हातात विळा. ती थांबली. "भाऊ, तुमी काल इथं काहून हिंडून राह्यले होते?"

भाचीला मोह झाला. प्रकल्पात घेता येणार नव्हतं, पण चालवून तर पाहू. म्हातारीला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन जायाचं कुठी हाये?"

"कुठंच नाही आजी. तिकडून वळून परत यायचं."

"अन् मंग?"

"मग पुन्हा जायचं."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना अशा नजरेनं. तरी निघाली. पहिल्या फेरीतच ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेल्या सोयऱ्याशी बोलायला थांबली. मग वळून आली, गोणी पाहून "युरिया आला का?" म्हणून थांबली. तिसऱ्या मिनिटाला विळा आणि भाकर खाली ठेवायला थांबली. 390 मीटर. पोरीनं वहीत लिहिलं आणि खोडलं. पहिल्या खेपेला सगळ्यांचंच कमी येतं, माणूस शिकतो, म्हणून परीक्षा दोनदा घ्यावी असं शास्त्रातच आहे. अर्ध्या तासानं पुन्हा. या वेळी मी वेगळं सांगितलं : माय, ढग भरून आले, सरकी वाळवणीवर पडली हाये.

चाळीस सेकंदांत ती गोणीला वळसा घालून आली होती. अनवाणी, छोटी छोटी पण शिवणयंत्राच्या सुईसारखी पावलं, मान स्थिर, कारण आयुष्यभर डोक्यावर काहीतरी असतंच. वळताना तिला दोन पावलं वाया घालवावी लागत नव्हती, अंगठ्यावर गिरकी घ्यायची. 570 मीटर. सूत्राप्रमाणं तिच्याकडून अपेक्षा होती 520 ची. नाडी जेमतेम वाढलेली. थोडं थांबून म्हणाली, "गुडघा लय ठनकते बाप्पा, गोळी दे." मी काउंटरमागं असतो म्हणून तिला वाटतं मी कसलंही औषध देऊ शकतो.

हे लिहिताना मला भीती वाटते ती याची की कुणी म्हणेल, बघा खेड्यातलं कष्टाचं आयुष्य कसं तब्येतीचं. नाही. ते चालणं मजुरीनं चालवलेलं आहे. गुडघ्याच्या आतलं काय झिजलं ते त्या 570 मध्ये दिसत नाही, आणि तिला निवड दिली असती तर ती आनंदानं माझ्या खुर्चीवर बसली असती.

*

मला 92 टक्के फार आवडले होते, हे भाचीच्या लक्षात आलं असावं. जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "मामा, अजून एक चाचणी करून पाहू. दोन किलोमीटरची." ही फिनलंडची. तांपेरे गावातल्या यूकेके संस्थेनं धडधाकट माणसांसाठीच बनवलेली. सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर जमेल तेवढं भरभर चालायचं, वेळ आणि शेवटची नाडी घ्यायची. इथं उंचीचं भांडवल चालत नाही, नाडी खोटं बोलत नाही.

गावापासून फाटा बरोबर दोन किलोमीटर. दहावीपर्यंत मी रोज हा रस्ता चाललोय, एसटी फाट्यावरच मिळायची. तेव्हा कच्चा होता, पावसाळ्यात काळी माती चपलेला धरून बसायची. बाप चपला काढून हातात घ्यायचा, मी घ्यायचो नाही आणि फाट्यावर पोचेपर्यंत एकेका पायाला किलोभर चिखल. आता डांबरी आहे. पंधरा वर्षांत मी यावर पायी गेलेलो नाही.

निघालो. भाची मागून माझीच गाडी घेऊन, घड्याळ हातात. पहिल्या नाल्यापाशी एक मोटरसायकल करकचून थांबली. "काहून भाऊ, गाडी पंक्चर झाली का?" मी हातानंच नाही म्हटलं. पुढं दूधवाला. "पेट्रोल संपलं? बसा." मग सचिव, जो स्वतः परवा निष्क्रियांत निवडला गेला होता, तो तर गाडी आडवी लावून उभा. "घरी सगळं बरं ना?" त्याच्या आवाजात खरी काळजी होती. पायी निघालेला माणूस म्हणजे गाडी बिघडली, नवस फेडतोय नाहीतर कुणी गेलं. शेगावच्या पायी वारीला जाणाऱ्याला रस्त्यात कुणी विचारत नाही, उलट चहा पाजतात, त्याच्या चालण्याला कारण आहे. पहाटे हातात टमरेल घेऊन निघणाऱ्याला कधी कुणी विचारलं नाही. पण रिकाम्या हातानं, बिनकामाचं, भरभर चालणारा दुकानदार! ते सहन होत नाही लोकांना. मलाही झालं नसतं. एकदा मास्तर असे चालताना दिसले होते तेव्हा मीच गाडी थांबवून बसा म्हटलं होतं, आणि ते बसलेही होते.

20 मिनिटं 45 सेकंद. नाडी 144. भाचीनं फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर आकडेमोड केली. वेळ, नाडी, निर्देशांक, वय. उत्तर 39.

"39?" मी म्हटलं. "मंग पास झालो ना. 35 ला पास असते."

"शंभरपैकी नाही मामा. 90 ते 110 म्हणजे मध्यम. 70 च्या खाली गेलं की फारच कमी."

टपरीवाल्यानं चहा पुढं केला. साखर नेहमीची. मी घेतला. एकच शरीर, त्याच आठवड्यात, एका फूटपट्टीवर 92 आणि दुसरीवर 39, अन् दोन्ही खऱ्या. परत यायला मी गाडीवर मागं बसलो, हे लपवून उपयोग नाही.

*

पोरगी गेली. मी रोज सकाळी फाट्याकडं निघतो, अर्धं अंतर जाऊन परत. पण ते "पंक्चर झाली का" काही बंद होईना. दर दोनशे मीटरला थांबून खुलासे देणारा माणूस भरभर कसा चालणार? बायकोनं तोड काढली. "हातात विळा धरा," ती म्हणाली, "कोनी विचारनार नाही."

खरंच. विळा हातात आला आणि मी अदृश्य झालो. दूधवाला मान हलवून पुढं जातो. सचिव हात करतो. आठ दिवस निर्वेध गेले, फक्त विळा घेऊन जातोच आहात तर गाईला थोडं गवत आणा, असं घरून सुरू झालं आहे.

परवा नाल्याच्या पुढं मागून पावलं ऐकू आली. सुईसारखी. म्हातारी होती, डोक्यावर काड्यांची मोळी. बरोबर आली, माझ्या हातातल्या विळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"भाऊ, तुमचं वावर तं तिकल्ल्या अंगाले हाये. इकडं कुठी चालले?"

मी काय सांगावं याचा विचार करेपर्यंत ती पुढच्या बाभळीपाशी पोचली होती.